शेपटाचा चहा

डिसेंबर लागला की डोंबिवलीत थंडी पडते असं म्हणायची पद्धत आहे. कसली डोंबलाची थंडी! पहाटे दोन तास चादर ओढून घ्यावीशी वाटते, एवढंच. पण कारखान्यांच्या बाजूने येणारा तो आंबूस वास धुक्यात मिसळून खाली बसतो, समोरची बिल्डिंग अर्धी दिसेनाशी होते, आणि पावणेसहाच्या सुमाराला खालच्या रस्त्यावरून बुटांचा आवाज येतो. गेल्या वर्षी आमच्या भागात धावणाऱ्यांचा एक क्लब निघालाय. पिवळे टी-शर्ट, पाठीवर नाव, मनगटावर काटे नसलेली घड्याळं. मी दात घासत गॅलरीत उभी असते. घोळका पुढे जातो. थोडं अंतर सोडून दोघंतिघं जातात. मग एक बाई, कमरेवर हात ठेवून, निम्मं चालत निम्मं धावत. तिच्यामागे कुणी नसतं.

मी मात्र तिच्यामागे बघत राहते. ब्रश तोंडात तसाच. धुक्यातून आणखी कुणीतरी येईल असं वाटतं, आणि येत नाही. मग मला असा काही राग येतो की मी आत येऊन भांडी आपटते. नवरा झोपेतून विचारतो, "अगं, काय झालं सकाळी सकाळी?" काय सांगू त्याला? लग्नाला पंचवीस वर्षं झाली, अजून सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही. मला कुणी हळवी म्हणत नाही, उलट तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती आहे. सगळ्यांना सगळं तोंडावर सांगते. एवढी एक गोष्ट सोडून.

लग्नाआधी मी ठाण्याला राहायचे, स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, वय सत्तावीस, लग्न जमत नव्हतं, आणि जमत नाही म्हणून घरात रोज कुणीतरी तोंड पाडून बसलेलं. घरातून पळून जायचं म्हणून मी क्लबात गेलेले, धावायचं म्हणून नाही. क्लब म्हणजे तरी काय, चौदा माणसं आणि एक शिट्टी. शिट्टी आपटे मास्तरांची. मास्तर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि शुद्ध पुणेरी बोलायचे. "धावणे ही एकट्याने करावयाची गोष्ट नव्हे," असं ते म्हणायचे तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. मी सलवार-कमीज आणि कॅनव्हासच्या बुटांत धावायचे. ओढणी पोटाला घट्ट बांधायची आणि वेणी आत खोचायची. कोपरीतल्या बायका गॅलरीतून बघायच्या. आता मी बघते.

मास्तरांचा एक नियम होता. धावताना सर्वांत मागे एक माणूस ठेवायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेवटचा गडी कितीही रेंगाळो, शेपटाने त्याच्या पुढे जायचं नाही. प्रत्येक वळणावर पुढून हाक यायची, "मागे कोण?" ही हाक फ्रान्सिसची. तो उत्तनकडचा, त्याच्या घरची भातशेती आणि होडी दोन्ही, नोकरीसाठी ठाण्यात खोली घेऊन राहिलेला, आणि हरणासारखा पुढे. त्याची हाक एकाकडून दुसऱ्याकडे अशी रांगेतून मागे जायची. शेपटाने "मी आहे" म्हणायचं आणि ते उत्तर तसंच तोंडोतोंडी पुढे जायचं. उत्तर आलं नाही, तर सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि मागे वळायचं. वेळ गेली खड्ड्यात. परत आल्यावर चहाच्या टपरीवर पहिला ग्लास शेपटासाठी भरायचा, आणि तो येऊन घोट घेईपर्यंत बाकी कुणी ग्लासाला हात लावायचा नाही.

शेपटाची पाळी दर रविवारी बदलायची, असं ठरलेलं. प्रत्यक्षात शेपूट कायम पांडूदादा. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, अनवाणी धावणारा. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासा गेला, होडी उलटी करून ठेवली आणि तो एका कंपनीत शिपाई म्हणून लागला. "मासं गेलं, आता नुसतं पाय वल्हवतंय," म्हणायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा. वयाने माझ्या बापाच्या जवळचा, पण सगळा क्लब त्याला अरे-तुरे करायचा, त्यालाच तसं हवं असायचं. आणि त्याचं उत्तर! "मी आहे" असं तो कधीच म्हणाला नाही. "हाय गो हाय, मी हाय मागं!" असं हेल काढून ओरडायचा, समोर बाई असो की बाप्या. सगळे त्याची नक्कल करायचे. एक्स्चेंजमध्ये कुणी मला विचारलं, "सुलू, जागेवर आहेस का?" की मी हेडफोन काढून ओरडायचे, "हाय गो हाय!" माझी नक्कल सर्वांत चांगली जमते असं खुद्द पांडूदादाच म्हणायचा.

क्लबात सर्वांत हळू कोण? मी. म्हणजे दर रविवारी शेवटची मी आणि माझ्यामागे तो. वर्षभर त्याच्या पावलांचा आवाज ऐकत मी धावले. अनवाणी पायांचा आवाज बुटांसारखा नसतो, हलका चपचप असा असतो. माझ्या पोटात कळ आली की तो म्हणायचा, "बोलू नको, नुसती फुंकर घाल, भाकरीवर घालतंस तशी." मिठागराच्या बांधावरून जाताना भरती आहे की ओहोटी ते न बघता, वासावरून सांगायचा. नवरात्रात आम्ही पहाटे टेंभी नाक्याच्या देवीला धावत गेलेलो. तिथल्या गर्दीत सगळे पांगले, मी रडकुंडीला आले, आणि मागून हाक, "हाय गो, हाय." एकदा पहिल्या गाडीने कल्याणला उतरून विठ्ठलवाडीपर्यंत धावलो आणि येताना गरम जिलेबी खाल्ली. रस्त्यात उभं राहून, बोटं चाटत, चौदा माणसं. माझ्या आयुष्यात एवढं हसणं परत झालेलं नाही. हे मी उगाच रंगवून लिहीत नाहीये. खरंच झालेलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात एकदा उत्तर आलं नाही. फ्रान्सिस थांबला, सगळे थांबले, मास्तरांनी शिट्टी फुंकली, चौदातले तेरा जण धापा टाकत मागे पळालो. बघतो तर पांडूदादा बाभळीच्या आडून नाडी बांधत येतोय. "काय गो, मुतायला पन हाक द्यायची काय?" मास्तरसुद्धा हसले. पण चहाच्या वेळी म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या वेळीही असेच मागे फिरायचे." तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

त्याच्या नंतरचा रविवार. आणखी आठ दिवसांनी कल्याणला एका मंडळाची दहा किलोमीटरची शर्यत होती. बायकांचा तिघींचा संघ हवा होता. दोघी पक्क्या होत्या, तिसरी मिळत नव्हती. मास्तर म्हणाले, "सुलभा, आज तासाच्या आत आलीस तर तू." तास म्हणजे माझ्या दृष्टीने चंद्र. पण त्या दिवशी मला कसं कोण जाणे पाय मिळाले. धुकं दाट होतं, मिठागराच्या बांधावर दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, दोन्ही बाजूंना पाणी आहे एवढं फक्त गारव्यावरून कळायचं. मी धावत होते आणि दमत नव्हते. मला कुणी काही देऊन टाकल्यासारखं वाटत होतं.

बांधाच्या मध्यावर पांडूदादा मागून म्हणाला, "सुलू, उजवा हात निजलाय गो माझा."

"थंडीने असेल. झटक जरा."

त्याने काय केलं ते मी वळून बघितलं. खांदा हलला, हात नुसता लोंबत राहिला. त्याचा चेहरा धुक्यात नीट दिसला नाही, किंवा मी नीट पाहिला नाही. तो म्हणाला, "तू हो फुडं. टायम जाईल तुझा. मी हाय मागं." आणि डाव्या हाताने, माशी हाकलावी तसा इशारा केला. हो पुढे.

मी पुढे झाले.

बांध संपतो तिथे वळण. तिथून टपरी दोन किलोमीटर. पुढून हाक आली, "मागे कोण?" माझ्या पुढच्याने ती मला दिली. मी मागे तोंड करून ओरडले, "मागे कोण?" काही नाही. पाण्यावर कुठेतरी पाखरू फडफडलं. परत ओरडले नाही. आता थांबलं तर सगळे थांबणार, मागे फिरणार, माझा तास जाणार. आणि तो असेल बाभळीमागे. येतोच की, कुठे जाणार? एवढा विचार करायला किती वेळ लागला असेल? दोन पावलं. तिसऱ्या पावलाला मी मान वर केली आणि हेल काढून ओरडले, "हाय गो हाय, मी हाय मागं!"

नक्कल चांगली जमली. उत्तर तोंडोतोंडी पुढे गेलं. पुढच्याला वाटलं तोच.

एकोणसाठ मिनिटं आणि काही सेकंद. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टपरीवाल्याने सवयीने पहिला ग्लास भरून कडेला ठेवला. आम्ही उभे राहिलो. माझ्या अंगातून वाफ येत होती आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ग्लासातल्या चहावर साय धरली. फ्रान्सिस म्हणाला, "दादा आज फारच मागे पडला."

मास्तर म्हणाले, "चला, शोधू या. बांधाच्या वळणापर्यंत तर तो होता. म्हणजे वळण ते टपरी, याच टप्प्यात कुठेतरी असणार." आणि सगळे त्या दोन किलोमीटरांत शोधायला लागले. गटारात वाकून पाहिलं, झुडपं हलवली, एका पडक्या शेडमध्ये आत जाऊन हाका मारल्या. मला माहीत होतं तो तिथे नाही. फक्त मला माहीत होतं.

मी म्हणाले, "मास्तर, बांधावर बघू या का?"

"अगं, वळणावर त्याने हाक दिली की. तूच होतीस ना त्याच्या पुढे? ऐकलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

हा "हो" मला जाळतो. वळणावर ओरडले ती घाई होती, मूर्खपणा होता, एक वेळ चेष्टाही म्हणा. पण हे भर उजेडात, विचारून, समोर उभं राहून. तोंडाची फटकळ म्हणवणारी मी, एक वाक्य बोलायचं होतं: मास्तर, ती हाक मी दिली. ते बोलायला मला पंधरा मिनिटं जमलं नाही, आणि पंधरा मिनिटांनी गरज उरली नाही, कारण मिठागरातले दोघं कामगार त्याला दोन्ही बाजूंनी धरून बांधावरून घेऊन आले. मिठाच्या ढिगाला टेकून बसलेला सापडला म्हणाले. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा पाय ओढत येणारा, पँट ओली. डोळे उघडे होते. त्याने सगळ्यांकडे बघितलं, मोजल्यासारखं, एकेकाकडे. मग माझ्याकडे बघितलं.

दवाखान्यात डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "जरा लवकर आणायला हवं होतं." बस, एवढंच. सहज म्हणाले, आणि पुढच्या पेशंटकडे वळले. मास्तर तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले. "माझाच नियम, माझीच चूक," म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसून त्यांना पाणी दिलं. लाज वाटते लिहायला. पाणी दिलं आणि गप्प बसले.

पुढच्या रविवारी कल्याणची शर्यत मी धावले. "दादासाठी धाव," सगळे म्हणाले. संघाला तिसरा नंबर मिळाला. प्रत्येकीला एक मोठा स्टीलचा डबा, झाकणावर मंडळाचं नाव कोरलेलं. तो मला घरात ठेववेना. तो घेऊन कोळीवाड्यात गेले आणि पांडूदादाच्या बायकोला, हिराबायला, देऊन टाकला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बरा हाय गो. सुकट ठेवीन यात."

त्याची वाचा गेली ती गेली. उजवी बाजूही गेली. दाराशी बाजेवर बसून असायचा, पाय दिसायचे, ते पसरट, बोटं फाकलेले पाय, चिखलाला सरावलेले, आता धुतलेले आणि पांढरे पडलेले. मी महिन्यातून एकदा जायचे. बसायचे. दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं. हिराबाय सुकट परतायची, तोच डबा काढायची, म्हणायची, "तुझ्या डब्यातली हाय, खा." काय खाणार?

एकदा खरंच सांगणार होते. दीड वर्ष झालेलं, माझं लग्न ठरलेलं, डोंबिवलीला जायचं होतं. मी म्हणाले, "हिराबाय, त्या दिवशी बांधावर..."

तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. "आगो बाय, कनाला जीव जाळतंस? मी इचारलं त्याला. म्हटलं, वळनावर हाक तूच दिलीस काय रं? त्याने मान हलवली. हो म्हटला. बोलत नाय, पर समदं समजतं त्याला. हाक देऊन मागं बसला आसंल घटकाभर, आन् तिथंच झायलं. कोनाची चुकी नाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. बसल्या जागेवरून त्याने ती हाक ऐकली असणार, धुक्यात आवाज लांबवर जातो. स्वतःचाच आवाज त्याने लांबून ऐकला असेल, पुढे पुढे जाणारा, आणि कळलं असेल की आता कुणी मागे वळणार नाही. मी मान खाली घातली. आणि त्याने डावा हात उचलला, फार वर गेला नाही, बाजेवरून वीतभर, आणि तसाच हलवला. माशी हाकलावी तसा. हो पुढे.

मला वाटलं होतं माफीने माणूस हलका होतो. खोटं आहे. तो इशारा पाहून मी हलकी झाले नाही, मी घाबरले. त्याने मला परत एकदा जायला सांगितलं, आणि मी परत एकदा गेले. चहा संपवला, पदर सावरला, "येते हं" म्हणून निघाले. लग्नानंतर दोनदा गेले असेन. मग तो गेल्याचं कळलं ते फ्रान्सिसच्या पत्रातून, पंधरा दिवसांनी. क्लब त्याआधीच संपलेला. मास्तरांनी त्या दिवसानंतर शिट्टी गळ्यात घातली नाही, आणि शिट्टीशिवाय चौदा माणसं किती दिवस एकत्र राहणार? एकेक रविवारी एकेक कमी झाला. कुणी कुणाला हाक मारली नाही.

परवा संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरची केतकी, कॉलेजात जाते, क्लबची ती एक पुढारी. हातात फॉर्म. "काकू, तुम्ही रोज गॅलरीतून आम्हाला बघता ना? मम्मी म्हणाली, तुम्ही पूर्वी धावायचात. या ना रविवारी! आमच्याकडे स्लोवाल्यांचा वेगळा ग्रुप आहे. आरामात मागून या, नो टेन्शन."

मी विचारलं, "तुमच्यात सर्वांत मागे कोण असतं?"

"मागे?" तिला हसू आलं. "जो स्लो तो मागे, काकू."

"आणि तो पोचला की नाही, हे कोण बघतं?"

"येतोच की. कुठे जाणार?"

मी दाराची कडी धरून उभी राहिले. चांगली पोरगी आहे हो. डोळे चमकदार, गाल थंडीने फुटलेले. तिला आत बोलवायचं, बसवायचं आणि सांगायचं, अगं, एक माणूस मागे ठेवा, आणि त्याच्याऐवजी कधी दुसऱ्याने ओ देऊ नये. एवढंच तर होतं. तिने विचारलं असतं, का हो काकू? मग सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "माझे गुडघे दुखतात गं आता," आणि फॉर्म परत दिला. माझे गुडघे ठणठणीत आहेत.

आज रविवार. पहाटे धुकं होतं. पिवळे टी-शर्ट गेले, मग दोघंतिघं गेले, मग ती बाई आली. आमच्या गॅलरीखाली थांबली, वाकून बुटाची नाडी बांधली, एकदा मागे वळून बघितलं आणि पुढे गेली. तिच्यामागे कुणी नव्हतं. मी गॅलरीतच उभी होते.